रीमसाठी वाढलेलं पान

आमच्या मुलीच्या शाळेत एकदा प्रत्येकाने आपले आईवडील काय काम करतात ते सांगायचं होतं. कुणाचे बाबा गॅस प्लँटमध्ये, कुणाची आई बँकेत. आमची कन्या उठली आणि म्हणाली, ‘‘माय मॉम रन्स अ जिम फॉर डॉग्ज.’’ वर्ग हसला. संध्याकाळी बाईंचा मला फोन आला. मुलगी हल्ली घरी फार टीव्ही बघते का, असं त्यांनी अतिशय नाजूकपणे विचारलं.

मुलगी खरंच बोलली होती. मी पशुवैद्य. शिक्षण परभणीला, सासर लातूरचं आणि संसार कतारात, दुखानला. नवरा, सुधीर, तेलाच्या कामात. कॉलनीत राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी फक्त शेजारणींच्या मांजरांच्या पोटदुखीवर फुकट सल्ले दिले. मग कळलं की दोह्याच्या रस्त्यावरच्या एका फार्मवर शिकारी कुत्र्यांसाठी डॉक्टर हवा आहे, आणि तोही उन्हाळ्यासाठी. इथल्या उन्हाळ्यात वाळवंटातली नोकरी कुणी घेत नव्हतं, म्हणून ती मला मिळाली. स्पर्धाच नसली की आपण हमखास पहिले येतो.

ही कुत्री म्हणजे सलुकी, इथल्या बोलीत सलुगी. लांब पाय, आत गेलेलं पोट, रेशमी कान, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी घरी बोलावून पाणीसुद्धा विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी माझं नवं अरबी दाखवायला गेले आणि त्यांना ‘कल्ब’ म्हटलं, म्हणजे कुत्रा. फार्मचे म्हातारे मालक तिथेच खुर्चीवर बसले होते. तरुणपणी व्यापारासाठी त्यांची मुंबईला ये-जा असे, त्यामुळे त्यांना हिंदी येत होतं, त्यांच्या पद्धतीचं. म्हणाले, ‘‘दक्तोरा, कल्ब उधर रस्ते पे मिलता. ये सलुगी है.’’

मला एकदम औशाचा मामा आठवला. मामाकडे शिकारीचे कारवानी होते, हेच लांब पाय आणि हाच अपमानित चेहरा. त्यांना कुणी कुत्रं म्हटलं की मामा ताटावरून उठायचा. कुत्र्याच्या कमरेच्या दोन हाडांमध्ये चार बोटं नीट बसली पाहिजेत, हे मी परभणीच्या कॉलेजात नाही, मामाच्या अंगणात शिकले होते. त्या दिवशी सवयीने एका कुत्रीच्या कमरेवर बोटं ठेवून बघितली, तर म्हातारे खुर्चीत पुढे सरकले. ‘‘ये किधर सीखा?’’ त्यांनी विचारलं. मामाच्या नावावर माझी नोकरी पक्की झाली.

या म्हाताऱ्यांना फार्मवर सगळे ‘शायब’ म्हणत, म्हणजे केस पिकलेला माणूस. शब्द आदराचा आणि लाडाचाही. सगळा कारभार मात्र त्यांचा मुलगा बू हमद बघायचा. तिसरा माणूस इद्रीस, सुदानचा, कुत्र्यांची देखभाल करणारा. तो कुत्र्यांशी गप्पा मारायचा आणि माणसांशी गप्प असायचा.

लोक मला विचारतात, शिकार थंडीत असते तर उन्हाळ्यात तुम्ही करता काय? शिकार म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या मोसमात वाळवंटात तंबू ठोकून राहायचं आणि नेमून दिलेल्या पद्धतीने ससे पकडायचे. ती थंडीतली चार दिवसांची मजा. पण थंडीत पळायचं ते उन्हाळ्यात कमवावं लागतं. दुपारी वाळूवर पाय ठेवला तर कुत्र्याचा पंजा भाजतो, म्हणून बाहेर सोडता येत नाही. बसवून ठेवलं तर स्नायू जातात, पंजे मऊ पडतात, नखं वाढतात आणि डोकं फिरतं. एका कुत्र्याने एका जूनमध्ये इद्रीसची गादी, माझी चप्पल आणि बू हमदच्या गाडीचा सीटबेल्ट खाल्ला होता. म्हणून पहाटे उजाडताना वाळूवर गाडीबरोबर संथ धाव, आठवड्यातून दोनदा हौदात पोहणं, आणि एरवी घोड्यांच्या जुन्या तबेल्यात एसी लावून केलेल्या जिममध्ये ट्रेडमिल. पोहायला सगळी नाराज असत. पाण्यातून बाहेर आलेला सलुकी इतका केविलवाणा दिसतो की आपणच माफी मागावीशी वाटते.

लुसैलला विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका तरुणाने एकदा मला त्याच्या सलुकीसाठी बोलावलं. रोज दोन तास जिम करणारा माणूस, दंड माझ्या मांडीएवढे. कुत्रा सोफ्यावर लोळत होता आणि त्याच्यासमोर भिंतभर टीव्हीवर हरणं धावत होती. ‘‘मोटिव्हेशनसाठी लावलंय,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही रोज जिमला जाता तेव्हा याला बरोबर घेऊन खाली दोन चकरा मारा. त्याला ते फारच प्राथमिक वाटलं. त्याला ॲप हवं होतं.

आता रीमबद्दल. रीम आमच्या फार्मवरची सगळ्यात वयस्कर कुत्री. बाकीची कुत्री साय आणि वाळूच्या रंगाची, ही एकटीच काळी, भुवया आणि पाय तेवढे तपकिरी. ती शायबांची. फार्म कुणाचंही असो, रीम त्यांची. गाडीत ती पुढच्या सीटवर त्यांच्या पायाशी बसे आणि बू हमद मागे.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बू हमदने मला बाजूला बोलावलं. म्हणाला, रीम आता म्हातारी झाली, यंदा तिला कॅम्पला न्यायचं नाही. सौदीत चुलतभाऊ आहे, त्याला देऊन टाकतो. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘और रीम नहीं जाएगी तो बाबा भी नहीं जाएगा.’’ त्याला खरं तेच हवं होतं. वडिलांची शुगर वाढलेली, गुडघे गेलेले, आणि वाळवंटात रात्री थंडी असते. वडिलांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो कुत्रीला नाही म्हणत होता.

शायबांना हे कळायला वेळ लागला नाही. बापलेकांत मोठ्या आवाजात काहीतरी बोलणं झालं आणि शेवटी तह ठरला. मोसम सुरू व्हायच्या आधी फार्मवर चाचणी घ्यायची. गाडीमागे नकली ससा बांधून कुत्री सोडायची. रीम बाकीच्यांच्या बरोबरीने पळाली तर ती कॅम्पला जाणार, म्हणजे शायबही जाणार. मागे पडली तर दोघं घरी, आणि रीम सौदीला. शायब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘दक्तोरा, हम दोनों तेरा मरीज. अभी तू देख.’’

कुत्री आठ वर्षांची होती. शिवाय एक जुनी अडचण होती. रीमला नकली ससा कळायचा. ससा म्हणजे कातड्यात चिंध्या भरून शिवलेला गोळा. तरुण कुत्री त्याच्यामागे जीव टाकत. रीम दहा पावलं जाई, वास घेई आणि वळून आपल्याकडे असं बघे की आपल्यालाच लाज वाटावी. तिला तंदुरुस्त करणं एक वेळ माझ्या हातात होतं. तिला मूर्ख करणं नव्हतं.

पहिला आठवडा तिने ट्रेडमिलवर पाय ठेवला नाही. आणि त्याच आठवड्यात दोह्याच्या डॉक्टरांनी शायबांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तर त्यांनी घरातल्या ट्रेडमिलवर कपडे वाळत घातले. बू हमदने वैतागून ते यंत्र फार्मवर पाठवून दिलं. मी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी लावली. शायब चढले, रीमकडे बघून म्हणाले, ‘‘यल्ला,’’ म्हणजे चल, आणि ती मुकाट्याने दुसऱ्यावर चढली. त्यानंतर सबंध उन्हाळा हे दोघं समोरच्या भिंतीकडे बघत शेजारी शेजारी चालले. ती थांबली की ते थांबत, ते थांबले की ती. म्हणून मी दोघांनाही ओरडायचे. शायबांच्या खिशातला खजूर मी रोज काढून घेत असे आणि ते रोज नव्याने आश्चर्य दाखवत.

ऑगस्टअखेर रीमच्या कमरेत पुन्हा चार बोटं नीट बसू लागली. शायबांचाही कमरपट्टा एक भोक आत गेला. मी खुशीत होते, आणि तेवढ्यात सासूबाई आल्या.

सासूबाई व्हिजिट व्हिसावर लातूरहून आल्या, दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे आणि दुसरीत काळा मसाला. कॉलनीत त्यांना करमेना, म्हणून एक दिवस पहाटे मी त्यांना फार्मवर नेलं. त्या सगळीकडे फिरल्या, ट्रेडमिलवर चालणारे म्हातारे आणि कुत्री बघून पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ‘‘हे करायलीस व्हय गं तू? सुधीर तर म्हणला लई मोठी डॉक्टर हाय.’’ पण त्यांचं आणि शायबांचं पहिल्या दिवसापासून जमलं. त्या मराठी बोलत, ते अरबी आणि हिंदी बोलत, आणि दोघंही एकमेकांचं ऐकण्यापेक्षा आपलं सांगण्याला जास्त महत्त्व देत, त्यामुळे कुठे अडलं नाही.

मग पितृपक्ष लागला. सासऱ्यांची तिथी होती. सासूबाईंनी खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी असा सगळा स्वयंपाक केला, केळीच्या पानावर वाढला आणि मागच्या अंगणात पान ठेवून कावळ्याची वाट बघत उभ्या राहिल्या. आमच्या कॉलनीत मी कधी कावळा बघितलेला नाही. आल्या त्या मैना. सासूबाईंनी त्यांना टॉवेलने हाकललं. ‘‘मैनेला काय मान हाय?’’ म्हणाल्या. उन्हात तासभर उभ्या राहिल्या आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, ‘‘त्यायनी जन्मभर कुनाला उपाशी जाऊ दिलं न्हाई, आन् त्यायच्याच पानाला कुनी शिवंना.’’

त्यांना रडताना बघून मला कसंसंच झालं. मीच म्हटलं, आई, कुत्र्याचाही घास काढतात ना? चला. फार्मवर नेलं. सासूबाईंनी सगळ्या कुत्र्यांवरून नजर फिरवली आणि सरळ रीमपाशी गेल्या. ‘‘काळं हाय. काळ्याचाच मान असतो,’’ म्हणाल्या. मी बजावलं, एक वडा. फक्त एक. रीमने वडा खाल्ला, सासूबाईंनी हात जोडले. मालकाला काहीच न देता कुत्रीला वाढून निघायचं हे त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून शायबांसाठी वेगळा आणलेला पुरणपोळीचा डबा त्यांच्या हातात दिला. मी गाडी वळवत असताना त्यांनी रीमचा एक फोटो काढला. त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या शनिवारी रीमचं वजन वाढलेलं निघालं. मी काटा तपासला. खाणं तेच, व्यायाम तोच. त्यानंतर ती ट्रेडमिलवर धापा टाकू लागली. थायरॉइडसाठी रक्त तपासलं, ठीक होतं. मग मनात दुसरी शंका आली आणि मी इद्रीसला विचारलं की रीमला दिवस तर गेले नाहीत ना. माझ्या मोडक्या अरबीमुळे असेल किंवा त्याच्या स्वभावामुळे, पण त्याने ते स्वतःच्या चारित्र्यावर घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. एरवीही तो बोलत नसल्यामुळे मला ते तिसऱ्या दिवशी कळलं. त्याच दिवशी बू हमदचा फोन आला. ‘‘दक्तोरा, बाबा का शुगर ऊपर गया. तुम उसको क्या खिलाता है?’’

माझे दोन्ही मरीज एकदम जाड व्हायला लागले होते आणि मला कारण सापडत नव्हतं. चाचणीला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

मी पहाटे जायची आणि ऊन चढायच्या आत घरी यायची. एके दिवशी चष्मा फार्मवर विसरला म्हणून भर दुपारी परत गेले. फाटकाबाहेर सात-आठ गाड्या. आत शेडच्या सावलीत शायब खुर्चीवर, पायाशी रीम, आणि समोर माणसांची रांग. साड्या, झब्बे, हातात स्टीलचे डबे, केळीची पानं. दुखानच्या कॉलनीतली कुटुंबं होती, लुसैलचं एक आयटीतलं जोडपं होतं, आणि दोह्याच्या नजम्यातल्या एका खोलीत राहणारी चार पोरं भाड्याच्या गाडीने आली होती. त्यांच्यातल्या एकाने मला ओळखलं आणि हळूच विचारलं, ‘‘मॅडम, आई म्हणाली वडा पाहिजेच. आमच्याकडे किचन नाही. कॅफेटेरियातला मेदूवडा चालेल का?’’

सासूबाईंनी काढलेला फोटो इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता. खाली लिहिलं होतं, ‘काळ्या कुत्र्याची सोय हाय. माणसं बी चांगली हायेत.’ तेवढ्यावर अख्खं कतार लोटलं होतं. श्राद्धाचा स्वयंपाक दुपारी होतो आणि दुपारी मी घरी झोपलेली असायची. साईच्या रंगाच्या कुत्र्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळ्यांचे सगळे पितर एकट्या रीमच्या पोटात चालले होते. ती आता इतकी तरबेज झाली होती की डब्याचं झाकण वाजलं की उठून उभी राहायची. आणि प्रत्येकाने मालकांसाठी म्हणून वेगळा डबा आणलेलाच होता. शायब चव घेऊन मत देत होते. ‘‘इसमें इलायची कम.’’

मी भडकले. सगळ्यांसमोर भडकले. म्हटलं, तीन आठवड्यांनी चाचणी आहे, ही कुत्री जिंकली नाही तर तुम्ही घरी बसणार, ती सौदीला जाणार, आणि तुम्ही इथे वेलची मोजताय? रांगेतले लोक खाली बघू लागले. नजम्याच्या पोराने मेदूवडा पाठीमागे लपवला.

शायब शांतपणे म्हणाले, ‘‘दक्तोरा, ये लोग बोला, बाप मर गया, बाप का खाना है. मैं बाप का खाना वापस भेजेगा?’’

माझा आवाज खाली आला. शेवटी मी फाटकावर उभी राहिले आणि नियम केला. रीमला प्रत्येक पानावरचं एकच शीत, बाकीच्या कुत्र्यांनाही वाटून घास, शायबांना फक्त वास. लोकांना बाकीच्या कुत्र्यांचं पटत नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला की काळ्याच्या शेजारी बसलेल्यालाही अर्धा मान असतो. हे शास्त्रात कुठे आहे ते मी विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी त्या दोघांना रगडलं. पोहणं दुप्पट, पहाटेची धाव लांब. शायब पट्ट्यावर चालताना माझ्याशी बोलत नव्हते. रीमही बोलत नव्हती. वजन उतरलं, दमही परत आला, पण नकली सशाचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नव्हतं. मी सशाला खऱ्या सशाच्या कातड्यावर घासून बघितलं, त्याच्यात खडखडणाऱ्या बिया भरून बघितल्या. रीम येऊन वास घेई आणि माझ्याकडे बघे. एकदा मी शायबांसमोरच म्हणाले, ‘‘पळेल हो ती, पण कशासाठी पळेल?’’ सासूबाई शेजारीच बसल्या होत्या; हल्ली त्या रोज पहाटे माझ्याबरोबर येत.

चाचणी कोजागिरीनंतरच्या शुक्रवारी, पहाटे होती. मी बू हमदच्या गाडीत पुढे बसले, मागे दोरीला ससा. इद्रीसने सगळी कुत्री सोडली. तरुण कुत्री सुसाट निघाली. रीम दहा पावलं आली, नाक वर केलं आणि थांबली. बू हमदने आरशात बघितलं आणि मान हलवली. मला रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात लांबून आवाज आला. ठण्, ठण्, ठण्.

धावपट्टीच्या शेवटी पाण्याच्या टाकीपाशी, वाळवंटाच्या मधोमध, हिरवी साडी नेसलेली एक बाई उभी होती. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्यात झाकण, आणि झाकण डब्यावर आपटत ती ओरडत होती, ‘‘ये गं काळे, ये लवकर, खीर हाय.’’

रीम उडाली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तिने पहिला कुत्रा मागे टाकला, दुसरा टाकला, सशाला ओलांडून गेली आणि आमच्या गाडीच्या खिडकीशेजारून पुढे निघाली. बू हमदने वेग वाढवला तरी ती बरोबरीने होती, कान मागे, पोट जमिनीला टेकल्यासारखं. खिरीने तिला पळायला लावलं हे खरं, पण एवढं अंतर पुरणारा दम खिरीचा नव्हता. तो उन्हाळ्याचा होता, तेवढं श्रेय मी माझ्या पदरात पाडून घेते.

‘‘वो कौन औरत है?’’ बू हमदने विचारलं.

‘‘माझी सासू,’’ मी घाबरून मराठीतच म्हणाले.

मागच्या गाडीतून शायब उतरले. बू हमद त्यांना म्हणाला की हे खोटं आहे, ती सशामागे पळालीच नाही. शायबांनी काठीने सासूबाईंकडे बोट दाखवलं आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘ये मेरा खरगोश.’’ इद्रीस हसला. माझ्या नोकरीत मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग बू हमदही हसला, आणि मग काही उपाय राहिला नाही. सासूबाईंनी मला विचारलं, ‘‘काय म्हनले गं ते?’’ मी म्हटलं, तुमचे आभार मानतायत.

त्या थंडीत दोघंही कॅम्पला गेले. मी एक दिवस जाऊन आले. रीमने सबंध मोसमात एकच ससा धरला, आणि शायबांनी त्याची गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली की दर वेळी तो ससा थोडा मोठा आणि जास्त हुशार होत गेला. मी कधी टोकलं नाही.

उन्हाळा पुरता लागायच्या आतच शायब गेले. झोपेत गेले. मला फोन इद्रीसने केला, आणि त्याने बराच वेळ फोन ठेवला नाही. रीम ट्रेडमिलशी जाऊन बसायची. वर चढायची नाही, शेजारच्या रिकाम्या यंत्राकडे बघत बसायची. मी स्वतः त्या यंत्रावर चालून बघितलं, पण तिने मान फिरवली. माझं मन लागत नव्हतं त्या कामात, हे सरळ सांगते.

बू हमदला आता फार्मची हौस उरली नव्हती. कुत्री एकेक करून नातेवाइकांत वाटायची त्याने ठरवलं. रीमसाठी सौदीचा चुलतभाऊ होताच. सप्टेंबरच्या शेवटी गाडी येणार असं ठरलं. मला विचारायचं काही कारण नव्हतं, कुत्री माझी नव्हती.

पितृपक्षात सासूबाईंचा लातूरहून फोन आला. ‘‘म्हाताऱ्याचं पान काढलंस का?’’

‘‘आई, ते मुसलमान होते.’’

‘‘मला दिसलं न्हाई का मग? माझ्या हातच्या चार पोळ्या खाल्ल्या त्यायनी, तवा काई विचारलं न्हाई. तिथी म्हाईत हाय का?’’

‘‘तारीख माहीत आहे, तिथी नाही.’’

‘‘मग सर्वपित्रीला काढ. त्या दिवशी सगळ्यांचं चालतं.’’

सर्वपित्रीला मी पान वाढलं आणि दुपारी फार्मवर नेलं. नेमका त्या दिवशी बू हमदही आला होता, रीमचे कागद घेऊन. मी त्याला म्हटलं, आमचा एक रिवाज आहे, तुमची हरकत नसेल तर. त्याने खांदे उडवले. मी शेडमध्ये शायबांच्या खुर्चीपुढे पान ठेवलं. खीर, वडा, पुरणपोळी, आणि वेलची जास्त. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या.

रीम आली. पानाचा वास घेतला. मागे सरकली आणि बसली. मी डब्याचं झाकण वाजवलं. ती हलली नाही.

‘‘शिवंना का?’’ फोनमधून आवाज आला. ‘‘मग कायतरी राहिलंय त्यांचं. बोल तू, कबूल कर.’’

‘‘आई, ही कुत्री आहे, कावळा नाही.’’

‘‘तुला काय करायचंय? बोल.’’

मी पशुवैद्य आहे. कुत्रं खात नाही याची वीस कारणं मला तोंडपाठ आहेत. पण त्या शेडमध्ये उभी असताना मला एकच कारण दिसत होतं, आणि ते कबूल करणं माझ्या हातात नव्हतं. बू हमदने विचारलं, ‘‘क्या हुआ?’’ मी कसंबसं सांगितलं. आमच्यात असं मानतात की माणसाचं काही मनात राहिलं असेल तर पानाला कुणी शिवत नाही. मग घरच्यांनी ते पुरं करायचं कबूल करायचं असतं. सांगताना माझेच कान गरम झाले.

त्याने काळा चष्मा काढला आणि पांढरा झगा मातीत टेकला तरी पर्वा न करता रीमपुढे उकिडवा बसला. अरबीत तिच्याशी बराच वेळ बोलला. मला त्यातलं ‘बाबा’ कळलं, आणि शेवटचं ‘खलास’ कळलं, म्हणजे झालं, ठरलं. मग उठून त्याने चुलतभावाला फोन लावला आणि गाडी पाठवू नकोस म्हणून सांगितलं. फोन ठेवून तो रीमकडे बघत म्हणाला, ‘‘यल्ला.’’ अगदी वडिलांच्या आवाजात.

रीमने आधी वडा खाल्ला, मग खीर. भोपळ्याची भाजी तिने ठेवली.

सासूबाई फोनमध्ये रडत होत्या आणि म्हणत होत्या, बघ, म्हणलं न्हवतं? नंतर पान उचलताना इद्रीसने मला हळूच सांगितलं की तासाभरापूर्वीच त्याने रीमला पोटभर चिकन घातलं होतं, म्हणून तिला भूक नसेल. मी त्याला म्हटलं, हे लातूरला कळता कामा नये.

वरचं काही पोटात गेलं की रीमला काट्यावर उभं करायचं, हा माझाच नियम. त्या दिवशी मी तिचं वजन केलं नाही.